पुसलेला फळा पुसणारे धुरी सर

नववी ‘ब’चा फळा हा आमच्या शाळेतला सगळ्यांत स्वच्छ फळा होता. एका वर्षी स्वच्छता पंधरवड्यात त्याला बक्षीससुद्धा मिळालं. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, प्रार्थनेच्या वेळी धुरी सरांना पुढे बोलावून गुलाबाचं फूल दिलं आणि इतर शिक्षकांनी त्यांचा आदर्श घ्यावा असं माइकवरून सांगितलं. सरांनी फूल घेतलं, नमस्कार केला आणि माझ्या शेजारी येऊन उभे राहत पुटपुटले, “ठोंबरे, ह्यांका कायच कळणा नाय रे.” मलाही काही कळलं नव्हतं. मला वाटलं, माणूस विनयाने बोलतोय.

मुलुंड पूर्वेला आमची शाळा. मराठी माध्यम, अनुदानित, तीन मजली इमारत आणि दरवर्षी थोडी थोडी गळत चाललेली पटसंख्या. मी गणित शिकवायचो आणि परीक्षा विभाग सांभाळायचो. म्हणजे वेळापत्रक, पेपरांचे गठ्ठे, निकालपत्रकं आणि घड्याळ. माझ्या गळ्यात एक स्टॉपवॉच असायचं आणि मुलं मला काय म्हणायची ते मला माहीत होतं, ते इथे सांगण्याची गरज नाही. धुरी सर इतिहास-भूगोलाचे. माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. बुटके, काटक, अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि उजव्या खांद्यावर कायमची खडूची पूड. नाहूरला राहायचे आणि रोज चालत यायचे. मूळचे कुडाळकडचे, वडील गिरणीत होते. चिडले किंवा हळवे झाले की मालवणीत शिरायचे. एरवी आमच्यासारखंच बोलायचे.

त्यांची शिकवण्याची पद्धत साधी होती आणि मला ती असह्य व्हायची. ते प्रश्न विचारायचे. मग वर्गाकडे पाठ करायचे, डस्टर उचलायचे आणि फळा पुसायला लागायचे. डावीकडून उजवीकडे, वरच्या कडेपासून खालच्या पट्टीपर्यंत, सावकाश. फळ्यावर काही लिहिलेलं असो वा नसो. नियम असा, की डस्टर टेबलावर पडेपर्यंत कोणी तोंड उघडायचं नाही आणि हातही वर करायचा नाही. डस्टर ठेवल्याचा आवाज झाला की सर वळायचे आणि म्हणायचे, “हं. आता बोला.” तोवर अर्ध्या वर्गाकडे काहीतरी सांगण्यासारखं असायचं.

मी एकदा व्हरांड्यात उभा राहून घड्याळ लावलं. एका प्रश्नाला पाऊण मिनिट. एका तासात किती प्रश्न, आठवड्यात किती तास, असा गुणाकार करून मी सरांना कागदच दाखवला, की वर्षाकाठी तुमचे इतके तास नुसता फळा पुसण्यात जातात. सरांनी कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर घरची किराण्याची यादी लिहायला घेतली. परिणाम व्हायचा तोच झाला, त्यांचा पोर्शन कधी वेळेत संपला नाही. त्यांच्या आठवीच्या वर्गात देश स्वतंत्र व्हायचा तो फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात. एका वर्षी तर वार्षिक परीक्षेच्या आदल्या दिवशी जादा तास घेऊन इंग्रजांना घालवावं लागलं होतं.

माझ्या वर्गात असलं काही नव्हतं. मी प्रश्न पुरता विचारायच्या आत उत्तर यायचं, मी “शाब्बास” म्हणायचो आणि पुढे जायचो. ते उत्तर रोज तीच चार मुलं द्यायची हे मला दिसत होतं. पण माझा वर्ग हुशार आहे अशी माझी समजूत होती आणि मी ती मोडू दिली नाही.

एकदा तपासणीला शिक्षण खात्यातले एक साहेब आले. मोठ्या बाईंनी त्यांना मुद्दाम बक्षीसपात्र फळ्याच्या वर्गात नेऊन बसवलं, शेवटच्या बाकावर. मी दाराशी उभा होतो. धुरी सरांनी प्रश्न टाकला, “कोकणात एवढा पाऊस पडतो, तरी उन्हाळ्यात विहिरी का आटतात?” आणि वळून पुसायला लागले. वर्ग गप्प. साहेबांना ती शांतता सोसेना. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा बाईंकडे, आणि शेवटी न राहवून मागूनच ओरडले, “उताराची जमीन! पाणी वाहून जातं!”

सरांचा हात थांबला नाही. फळ्याकडे तोंड ठेवूनच ते म्हणाले, “कोण तो? मागच्या बाकावरचा? उभा राहा.”

साहेब उभे राहिले. का ते त्यांचं त्यांना माहीत; बहुधा लहानपणीची सवय असावी. मोठ्या बाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. सरांनी उरलेला फळा पुसला, डस्टर ठेवलं, वळले आणि साहेबांना उभं पाहून त्यांनी जीभ चावली. पण माघार घेतली नाही. “बसा साहेब. उत्तर बरोबर आहे तुमचं. पण अजून कोणाचं काय आहे ते बघू.” शेवटून दुसऱ्या बाकावर एका मुलीचा हात वर होता, कोपरापासून अर्धवट, तो वर ठेवावा की खाली घ्यावा अशा विचारात असलेला. सरांनी मान हलवली. ती उठली आणि म्हणाली, “उतार आहेच सर. पण जांभ्या दगडाला भोकं असतात. पाणी मुरतं, पण तो ते धरून नाही ठेवत.”

साहेबांनी शेऱ्यात लिहिलं, ‘वर्गशिस्त उत्तम. फळा स्वच्छ.’ मुलीबद्दल काही लिहिलं नाही. तिचं नाव प्रेरणा सोनकांबळे. माझ्या गणिताच्या वर्गातही ती तीन महिने बसत होती आणि तिचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

पुढे शाळेत स्मार्ट बोर्ड आला. एका माजी विद्यार्थ्याने दिला, नारळ फुटला, पेढे वाटले, आणि पहिला तास धुरी सरांचा लावला, कारण नकाशे त्यावर झकास दिसतात असं सगळ्यांचं मत पडलं. सरांनी भिंतीएवढा महाराष्ट्र लावला. प्रश्न विचारला. वळले, आणि हाताच्या सवयीने खडूने भरलेलं डस्टर त्या काचेवरून डावीकडून उजवीकडे फिरवलं. महाराष्ट्र गेला आणि आफ्रिका आली. सरांनी ती पुसायला घेतली तर पॅसिफिक महासागर आला. खालच्या ओळीत पोचेपर्यंत पडद्यावर कुठल्यातरी बनियनची जाहिरात मोठ्या आवाजात सुरू झाली होती. बोर्ड दुरुस्त करायला ठाण्याहून माणूस आला. त्याने काच पुसताना आमच्याकडे जे पाहिलं ते अजून आठवतं.

मोठ्या बाईंनी सरांना केबिनमध्ये घेतलं. बाहेर आले तेव्हा त्यांनी एक गोष्ट पदरात पाडून घेतली होती. जुना काळा फळा काढायचा नाही, तो स्मार्ट बोर्डच्या शेजारी भिंतीवर तसाच ठेवायचा. त्यानंतर वर्गात जो प्रकार चालायचा तो पाहण्यासारखा होता. सगळं शिकवणं त्या नव्या पडद्यावर, आणि प्रश्न विचारला की सर दोन पावलं डावीकडे सरकून शेजारचा काळा फळा पुसायचे. त्या फळ्यावर महिनोन्‌महिने कोणी एक अक्षर लिहिलं नव्हतं.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मधल्या सुट्टीत मी त्यांना गाठलं. “सर, हे तुम्ही पोरांना विचार करायला वेळ मिळावा म्हणून करता ना? पाठ करून उभं राहायचं, म्हणजे कोणी बघतंय असं वाटत नाही. खरंच मानलं तुम्हाला. केवढा तुमचा पेशन्स!”

सर तेव्हा डबा खात होते. खात होते म्हणजे संपवला होता, कारण आम्ही डब्यांची झाकणं काढेपर्यंत त्यांचं जेवण उरकलेलं असायचं. एक गोष्ट सांगायला हवी, की धुरी सरांइतका उतावळा माणूस मी दुसरा पाहिला नाही. चहा गरम असतानाच प्यायचे आणि रोज जीभ भाजून घ्यायचे. वर्तमानपत्राचे मथळे तेवढे वाचायचे. शिपाई बोलायला लागला की त्याचं वाक्य तेच पुरं करायचे आणि ते बहुतेक वेळा चुकीचं असायचं. नाहूरहून चालत यायचं कारणही तेच होतं. स्टेशनवर गाडीची वाट बघत उभं राहणं त्यांना जमत नव्हतं.

“पेशन्स?” ते म्हणाले. “येडा झालास काय? पेशन्स असता तर हात बांधून गप उभा राहिलो असतो की. माका दम धरूक जमणा नाय रे. हात मोकळे असले की माझं तोंड सुटतं. म्हणून हाताला काम देतो.” मग त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि बराच वेळ ते दाबत बसले. “नोकरीचं दुसरं वर्ष होतं माझं. चेंबूरच्या शाळेत. सातवीत एक मुलगी होती. कधी बोलायची नाही. एक दिवस मी तिला काहीतरी विचारलं, सोपंच. ती उभी राहिली. मी थांबलो, माझ्या मानाने पुष्कळ थांबलो. तिने तोंड उघडलं, ठोंबरे. मी बघितलं ते. आणि त्याच वेळेला मीच उत्तर देऊन टाकलं. तिने तोंड मिटलं. वर्षभर परत उघडलं नाही. जूनमध्ये आली नाही. कुठे गेली मला माहीत नाही.”

मी काहीतरी समजूत घालायला गेलो. “गप रव,” ते म्हणाले आणि हात धुवायला उठले.

आता माझ्याबद्दल थोडं सांगणं भाग आहे. आमच्या शाळेच्या फाटकावर दरवर्षी जूनमध्ये एक बॅनर लागायचा, ‘दहावीचा निकाल शंभर टक्के’. तो बॅनर माझा होता. म्हणजे छापायचा कोणीतरी, पण त्यामागची मेहनत माझी. ती मेहनत अशी, की नववीचा निकाल लागायच्या आधी मी एक यादी करायचो. जी मुलं दहावीत आपले शंभर टक्के बुडवतील अशी भीती असेल त्यांच्या पालकांना बोलवायचं आणि शाळेचा दाखला काढून मुलाला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसवा, असं सुचवायचं. मुलगा पास झाला तर त्याचं नशीब, नापास झाला तर तो आमचा नव्हता. पालकांना सांगायचं एक ठरलेलं वाक्य माझ्याकडे होतं. त्यात ‘मुलाच्या हितासाठी’ हे शब्द दोनदा यायचे आणि मी ते इतक्या झपाट्याने म्हणायचो, की आयांना काय चाललंय ते कळायच्या आत त्यांची सही झालेली असायची. ह्याची मला लाज वाटते. तेव्हा वाटत नव्हती, हे जास्त वाईट.

त्या वर्षी यादीत चार नावं होती आणि तिसरं नाव प्रेरणाचं होतं. यादीवर वर्गशिक्षकाची सही लागायची. वर्गशिक्षक धुरी सर. मी कागद त्यांच्यापुढे ठेवला.

“प्रेरणाचा गणिताचा पेपर दाखव,” ते म्हणाले.

मी गठ्ठ्यातून काढून दिला. त्यांनी पानं उलटली. पहिली काही पानं भरलेली, मग कोरी, कोरी, कोरी. “ह्या भरलेल्या पानांवर चूक कुठे आहे?”

मी पाहिलं. मीच तपासलेला पेपर होता आणि मी तो तेव्हा पहिल्यांदा पाहिला. एकही गणित चुकलेलं नव्हतं. जिथवर ती पोचली होती तिथवर पैकीच्या पैकी होते. मी म्हणालो, “पण सर, अर्धा पेपर कोरा आहे. बोर्ड थोडंच थांबतं कोणासाठी?”

“थांबतं,” सर म्हणाले. “तुझ्या कपाटात परिपत्रक आहे त्याचं. हिरव्या फाइलीत. दोरा बांधून ठेवलंयस.”

होतं खरं. सरकारी रुग्णालयात मुलाची तपासणी करून घ्यायची, तिथल्या तज्ज्ञांनी शिकण्यातली अडचण आहे असं प्रमाणपत्र दिलं की बोर्डाच्या परीक्षेला जादा वेळ मिळतो. हे परिपत्रक मी दर वर्षी व्यवस्थित नोंदवून फाइलीला लावत आलो होतो. आजवर एकाही पालकाला ते वाचून दाखवलं नव्हतं, कारण ‘आपल्या शाळेत तसली मुलं नाहीत’ असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. तसली मुलं यादीत जायची आणि मग खरोखरच नसायची.

सरांनी प्रेरणाला बोलावलं आणि विचारलं, “पेपर लिहिताना काय होतं गं?” आणि टेबलावरचे गठ्ठे सरळ करत बसले. सगळे गठ्ठे झाले तेव्हा ती म्हणाली, “येतं सर मला. पण ते आत असतं. बाहेर यायला वेळ लागतो. तोपर्यंत पुढचं चालू झालेलं असतं.”

मग तिच्या आईला बोलावलं. सोनकांबळे ताई एका खाजगी नर्सिंग होममध्ये आयाचं काम करायच्या, लातूरकडच्या. ड्यूटीवरून थेट आल्या होत्या. सरांनी प्रमाणपत्राचं समजावून सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. “सर, दवाखान्याचा कागद म्हंजे शिक्का बसला पोरीवर. लोक येडी म्हणतील तिला. माझी पोरगी हळू हाय, येडी न्हाई. आमच्यात पहिली मॅट्रिक व्हायची ती. तिला कसला कागद लावता?”

मी त्यांच्या मुद्द्याचं खंडन करायला तोंड उघडलं. सरांनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. त्यांना स्वतःलाही बोलायचं होतं, ते त्यांच्या मानेच्या शिरांवरून दिसत होतं. पण ते उठले, खिडकीतलं फडकं घेतलं आणि स्टाफरूमचं लांबलचक टेबल पुसायला लागले. पुसता पुसता म्हणाले, “ताई, घाई नाही. विचार करा. तुमचं ठरलं की या.”

“घाई नाही कशी?” त्या गेल्यावर मी म्हणालो. “मला शुक्रवारी यादी द्यायची आहे मोठ्या बाईंना. सही करा.”

सरांनी यादी हातात घेतली, चष्मा लावला आणि वाचायला लागले. चार ओळींची यादी. घंटा झाली तेव्हा त्यांनी ती घडी करून खिशात ठेवली. “वाचतोय,” म्हणाले.

शुक्रवार गेला. सोमवारी विचारलं तर म्हणाले, “दुसऱ्या नावापर्यंत आलोय.” मोठ्या बाईंनी बोलावलं. त्या म्हणाल्या, “धुरी सर, एका सहीला एवढा वेळ?” सर म्हणाले, “बाई, मी जरा मंद आहे. आत येतं सगळं, हातात यायला वेळ लागतो.” बाईंनी लेखी खुलासा मागितला. सरांनी तो द्यायचं कबूल केलं आणि तोही लिहायला घेतला. खुलाशाची तारीख, मग मायना, मग संदर्भ क्रमांक, असं रोज थोडं थोडं. ज्या माणसाला चहा निवेपर्यंत दम नव्हता त्याने तीन आठवडे एक सही रोखून धरली. मला त्यांचा भयंकर राग येत होता. माझा बॅनर जात होता.

मधल्या काळात सोनकांबळे ताई दोनदा फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या आणि न बोलता गेल्या. सर त्यांना बघायचे, मानेने ओळख द्यायचे आणि आत वळायचे. तिसऱ्या खेपेला त्या आत आल्या. निकालपत्रकं त्याच सकाळी छापून आली होती, त्यामुळे यादीला आता अर्थ उरला नव्हता आणि चारही मुलं दहावीत गेली होती. ताईंना त्याची काही कल्पना नव्हती. त्या म्हणाल्या, “सर, म्या तिलाच इचारलं. ती दोन दिवसांनी बोलली. म्हणली, कागद लागला तर लागू दे आई, मला पेपर पुरा करायचा हाय. कुठं जायचं तपासाया?”

सरांनी खिशातून ती घडी घातलेली यादी काढली आणि त्या कागदाच्या कोऱ्या बाजूवर रुग्णालयाचा पत्ता लिहून दिला.

नंबर लागायला महिने गेले. रुग्णालयात चार हेलपाटे झाले आणि प्रमाणपत्र आलं ते जानेवारीत. फेब्रुवारीअखेर धुरी सर निवृत्त झाले. आठवीत देश आणि सर एकाच आठवड्यात स्वतंत्र झाले. निरोप समारंभात मोठ्या बाईंनी त्यांच्या स्वच्छतेच्या आवडीबद्दल भाषण केलं आणि शाळेतर्फे त्यांना व्हॅक्युम क्लीनर भेट दिला. उत्तरादाखल सर इतकं थोडक्यात बोलले, की मागच्या रांगेला ते उठलेलेच कळले नाहीत.

निकालाचं आत्ताच सांगून टाकतो. त्या वर्षी बॅनर लागला नाही. दोघं नापास झाले. एक यादीतला होता, तो जुलैच्या फेरपरीक्षेत पास झाला. दुसरा होता माझा लाडका, प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देणारा. त्याने भूमितीचा पेपर सगळ्यांत आधी देऊन टाकला होता, आणि मागच्या पानावरही प्रश्न आहेत हे त्याला घरी गेल्यावर कळलं. प्रेरणा पास झाली. कुठे पेपरात फोटो यावा असे मार्क नव्हते, पण फर्स्ट क्लास होता. मी गावी सरांना फोन करून हे सांगितलं. पलीकडून काहीच आवाज आला नाही. मला वाटलं रेंज गेली, म्हणून मी “हॅलो, हॅलो” करत राहिलो. शेवटी सरांच्या सूनबाईंनी फोन घेतला आणि म्हणाल्या, “बाबा ऐकतायत. तुमका वाईच थांबा म्हणतायत.”

पण सर मला आठवतात ते भूमितीच्या पेपराच्या दिवशीचे. तेच त्यांचं शेवटचं दर्शन, कारण दुसऱ्या दिवशी ते सामान घेऊन गावी गेले आणि मग काही भेट झाली नाही. परीक्षेचं केंद्र मुलुंड पश्चिमेला एका शाळेत आलं होतं. मी तिथे गेलो होतो, खिशात ते परिपत्रक घेऊन. केंद्रावरच्या मंडळींना जादा वेळेचं माहीत नसलं तर दाखवावं म्हणून. नव्हतंच माहीत. मी दाखवलं, त्यांनी दोनदा वाचलं आणि मान्य केलं. बाहेर आलो तर फाटकापाशी धुरी सर. निवृत्त माणूस, उन्हात टोपी घालून नाहूरहून चालत आलेला.

घंटा झाली, मुलं बाहेर आली. माझा लाडका सगळ्यांच्या पुढे होता, “सोप्पा होता सर!” म्हणून हात हलवून गेला. आईबाप, रिक्षा, सरबतवाला, सगळे पांगले. फाटकाशी आम्ही दोघं आणि झाडाखाली बसलेल्या सोनकांबळे ताई एवढेच उरलो. आत एका खोलीत एक मुलगी लिहीत होती.

सरांना उभं राहवेना. त्यांनी घड्याळ पाहिलं, टोपी काढली, घातली, फाटकापर्यंत गेले, परत आले. तिथे पुसायला फळा नव्हता. मग त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि भिंतीलगत लावलेल्या स्कूटरींपैकी पहिलीची सीट पुसायला घेतली. ती झाली की दुसरी. आरसे, हँडल, हेडलाइट. चौथ्या स्कूटरचा मालक आला आणि थबकला. “काका, ही माझी गाडी आहे.” सर म्हणाले, “असूदे. झालीच आता.” त्याने “थँक्यू हां काका” म्हटलं आणि चकचकीत गाडी घेऊन निघून गेला. सर पाचवीकडे वळले.

बारावी की तेरावी स्कूटर चालू असताना प्रेरणा आली. हातात पॅड, कंपास, बोटं शाईने माखलेली. आई उठून उभी राहिली, पण जागची हलली नाही. प्रेरणा सरांसमोर येऊन उभी राहिली.

“कसा गेला?” सरांनी विचारलं. आणि तिच्याकडे पाठ करून स्कूटरचा आरसा पुसायला लागले.

तिने पॅड दुसऱ्या हातात घेतलं. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होतो, आणि पेपर राहिला असणार, किती राहिला, कुठला प्रश्न, ह्या सगळ्याची उत्तरं माझ्या तोंडात तयार होती. मी तोंड उघडलंही. आरशात मला सरांचे डोळे दिसले. ते माझ्याकडे बघत होते. मी तोंड मिटलं आणि शेजारच्या स्कूटरच्या सीटवर बोट फिरवत उभा राहिलो. धूळ पुष्कळ होती.

सरांनी तो आरसा पुसला. मग दुसरा पुसला. मग रुमालाची घडी केली आणि सीटवर ठेवली.

“पुरा झाला सर,” प्रेरणा म्हणाली.